न दिसणारे तारण

सूनबाईंना विजेवरची स्कूटर हवी आहे. मार्च २०२२ मध्ये पुण्यात अशीच एक उभी स्कूटर पेटली, तेव्हापासून मी आढेवेढे घेतो आहे.

जास्त निकेलच्या बॅटरीतील धन बाजूचा पदार्थ फार तापला, की स्वतःच प्राणवायू सोडतो. आगीला बाहेरच्या हवेची वाट पाहावी लागत नाही. म्हणून त्याच्या कणांवर अ‍ॅल्युमिनासारखा, काही नॅनोमीटर जाडीचा लेप देतात. तो विरळ राहिला तर प्राणवायू निसटतो, जाड झाला तर लिथियमची ये-जा अडते. कर्जाला तारण ठरवताना बँकेत आमचीही हीच कसरत असे. पण तारणाचे कागद तरी पाहता येत. हा लेप ग्राहकाला दिसत नाही.

लोह-फॉस्फेटची बॅटरी प्राणवायू घट्ट धरते, मात्र तेवढ्याच वजनात पल्ला कमी देते. सूनबाईंना एवढेच सांगितले, पल्ल्याआधी बॅटरी कोणती ते विचारा.