नारळ गेले, परस उरले

३ जून २०२० रोजी आलेल्या 'निसर्ग' चक्रीवादळाने दापोली तालुक्यातील हर्णे, मुरूड, आंजर्ले, केळशी या गावांतील नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या केल्या. त्या हानीची चर्चा पुष्कळ झाली. पंचनामे झाले, भरपाई हेक्टरी द्यावी की झाडामागे यावर वादही झाले. परंतु एका साध्या गोष्टीकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. माड लावल्यापासून फळ धरेपर्यंत पाच-सात वर्षे जातात. पोफळीचीही कथा निराळी नाही. त्याच पावसात मांडवावर चढविलेला पडवळ मात्र दोन-अडीच महिन्यांत पानात वाढता येतो. घरामागच्या चार हात जमिनीचे मोल अशा वेळी कळते.

वस्तुतः परसबाग ही कोकणाला कोणी शिकवावी अशी गोष्ट नव्हे. न्हाणीच्या पाण्यावर केळ, मोरीच्या पाण्यावर अळू, विहिरीच्या काठी गवती चहा, कुंपणाला अडुळसा, दारी तुळस आणि अबोली, ही मांडणी पूर्वी घराबरोबरच ठरत असे. आज घर बांधताना भोवतालची सर्व जमीन सिमेंटने किंवा फरशीने मढविली जाते, सांडपाणी नळीने गटारात सोडले जाते आणि अळूसुद्धा बाजारातून आणले जाते. ज्या गावच्या पुळणीवर रोज मासळीचा लिलाव होतो, त्या गावाने भाजीसाठी घाटावरून येणाऱ्या गाडीकडे डोळे लावावेत, हे काही भूषण नाही.

यात शासनाचाही वाटा आहे. १९९० साली रोजगार हमीला जोडून फळबाग लागवडीची योजना आली आणि कोकणातील डोंगर आंबा-काजूने हिरवे झाले. तो लाभ मोठा आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु ज्याचा सातबारा आहे आणि ज्याचा माल बाजारात जातो तीच शेती, अशी समजूत त्यातून बळावली. पाटाखालची भाजी कोणत्याच तक्त्यात बसली नाही. दापोलीचे कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झाले. हर्णेपासून ते काही मैलांवरच आहे. कारल्याची 'कोकण तारा', शिराळ्याची 'कोकण हरिता', पडवळाची 'कोकण श्वेता' हे वाण तेथेच निपजले. हर्णेतील किती घरांत ते बी पोचते, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

समुद्रकाठच्या अडचणी खऱ्या आहेत. खारा वारा कोवळी पाने करपवितो, रेताड जमिनीत पाणी ठरत नाही, आणि मे महिन्यात काठावरच्या विहिरी मचूळ होतात. म्हणून समुद्राच्या बाजूला आधी निगडी, मेंदी, जास्वंद अशी दाट झुडपे लावावीत आणि त्यांच्या आडोशाला भाजी घ्यावी. पावसाळ्यात साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. तेव्हा वाफे उंच हवेत आणि भर मांडवावरच्या वेलांवर हवा. कोथिंबीर, मुळा, लाल माठ यांची घाई करू नये. दसरा-दिवाळीनंतर जमिनीची ओल असताना ती उत्तम येतात. ज्या पाण्यात कपड्यांची पूड मिसळली आहे ते पालेभाजीवर घालू नये. न्हाणीचे पाणी केळीला चालते.

खताच्या बाबतीत तर हर्णेइतके भाग्यवान गाव विरळा. मासळीची डोकी व आतडी झाडापासून थोडी दूर, हातभर खोल पुरावीत, म्हणजे कुत्रीमांजरे उकरीत नाहीत. सुक्या खारविलेल्या मासळीचा चुरा मात्र उन्हाळ्यात देऊ नये. पावसाच्या तोंडावर दिला तर त्यातील मीठ धुऊन जाते. ही गोष्ट कोळीवाड्यातील म्हातारी माणसे आमच्यापेक्षा अधिक चांगली सांगतील.

राहिला प्रश्न वानरांचा. 'लावायचे कोणासाठी? त्यांच्यासाठी?' असे विचारणाऱ्या गृहस्थाला आळशी म्हणणे अन्यायाचे होईल. वानरांचा बंदोबस्त हे वनखात्याचे काम आहे आणि ते एकट्या घराच्या गोफणीवर सोडून चालणार नाही. तोवर आले, हळद, सुरण, ओवा, कढीपत्ता अशा, त्यांना फारशा न रुचणाऱ्या गोष्टींपासून आरंभ करता येतो.

केंद्र सरकारने २०१९ साली शाळांतील पोषण परसबागांसंबंधी सूचना काढल्या. सूचना चांगल्या आहेत. पण आपल्याकडे अशा बागा पाहणीच्या दिवशी टवटवीत असतात आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत जळून जातात. शिक्षकांना त्याचा दोष देण्यात अर्थ नाही, कारण मे महिन्यात पाणी घालणार कोण? कोकणात शाळा आणि पाऊस दोन्ही जूनमध्येच सुरू होतात. तेव्हा पीक जून ते फेब्रुवारी एवढेच धरावे, उन्हाळ्यात जमीन पाल्याने झाकून मोकळी ठेवावी, आणि शेवटच्या तोडणीतील दोन भोपळे व दोन शिराळी वेलावरच वाळू द्यावीत. ते बी राखेत घोळून बाटलीत भरावे आणि सुट्टी लागताना प्रत्येक मुलाच्या हाती चार-चार बिया द्याव्यात. पहिल्या पावसाला त्या घरच्या परसात पडतील. आणि तेथे फरशीच असेल, तर मुलगा घरी काय विचारील ते आईबापांनी ऐकून घ्यावे.