कडप्पा फोडू नका

नवा फ्लॅट ताब्यात आला की पहिला घण पडतो तो ओट्याखालच्या कडप्प्यावर. धडधाकट फळ्या फोडून त्याजागी प्लायवूडचे खोके आणि तारेच्या ट्रॉल्या बसवायच्या, वर त्यासाठी कर्ज काढायचं, आणि वर्षभरात जागा पुरत नाही म्हणून स्वतःलाच दोष द्यायचा. घरोघर हे चाललेलं पाहून माझ्या अंगाची लाही लाही होते. छोट्या स्वयंपाकघराला ट्रॉली विकणं ही सरळसरळ लूट आहे.

मापंच घ्या. ओट्याखालचा 45 सेंटिमीटर रुंदीचा एक कप्पा. दोन्ही बाजूंचं प्लाय 18-18 मिलिमीटर. ट्रॉली सरकावी म्हणून चॅनेलला दोन्हीकडे जवळपास 13 मिलिमीटर. राहिले 39 सेंटिमीटरसुद्धा नाहीत. ओटा 60 सेंटिमीटर खोल, ट्रॉली बहुतेक ठिकाणी 50. म्हणजे एक वाटी ठेवण्याआधीच कप्प्याची पाव भागाहून जास्त जागा गेली. शिवाय पातेल्यांची चळत वरच्या ट्रॉलीला अडकू नये म्हणून चार बोटं मोकळी सोडायची ती वेगळीच. परात तर आत जातच नाही. ती फ्रिज आणि भिंतीच्या फटीत उभी. त्याच ठिकाणी कडप्प्याच्या फळीवर परात आडवी बसते, तिच्यात कढई, कढईत झारे-कालथे, आणि मागे लोणच्याची बरणी. सिंकखालचं प्लाय ओल धरून फुगतं, त्याच्या सांध्यांत झुरळं होतात. कडप्पा पाणी ओतून धुता येतो. गुडघे धरलेल्या बाईला मागचा डबा वाकून काढणं जड जातं, हे खरं. तिच्यासाठी रोजच्या ताटवाट्यांची एक ट्रॉली जरूर करावी. एक. सगळा ओटा नव्हे.

मग सांगतात, भिंतीचा वापर करा, वर कपाटं घ्या. ओटा 85 सेंटिमीटर, त्याच्यावर 60 सेंटिमीटर सोडून कपाट, म्हणजे त्याचा वरचा कप्पा जातो दोन मीटरच्या आसपास. आपल्याकडच्या बाईची उंची सरासरी पाच फूट. पेटत्या गॅसशेजारी स्टूल ठेवून तिनं रव्याचा डबा काढायचा, आणि याला म्हणायचं नियोजन!

सगळ्यात चीड येते ती 'महिनोन्‌महिने वापरलं नाही ते टाकून द्या' या सल्ल्याची. मोदकपात्र गणपतीत निघतं, पुरणयंत्र होळीला, चकलीचा सोऱ्या दिवाळीत. वर्षातून एकदा निघतात म्हणूनच ती जपून ठेवायची असतात. हा सल्ला देणाऱ्यांनी कधी घरात पुरण वाटलेलं नाही. टाकायचेच असतील तर आइस्क्रीमचे रिकामे डबे टाका, एकावर एक फुकट मिळालेले प्लास्टिकचे सेट टाका. सोऱ्याला हात लावू नका.

आणि जागेची ही टंचाई मुळात आली कुठून? राष्ट्रीय इमारत संहिता, 2016 म्हणते, जेवणाची जागा वेगळी असेल तर स्वयंपाकघर किमान 5 चौरस मीटर हवं. स्वतंत्र कोठी असेल तर 4.5 चालेल. म्हणजे कोठीची अख्खी खोली गेली, तिच्या बदल्यात बाईच्या पदरात पडला अर्धा चौरस मीटर. तेवढ्यात एक फ्रिज ठेवला की संपलं. हॉलमध्ये टीव्हीची भिंत किती रुंद असावी यावर बिल्डर ब्रोशरची पानं खर्ची घालतो. गहू-तांदूळ कुठे राहतील याबद्दल त्यात एक ओळ नसते. घर घेणारेही विचारत नाहीत. विचारायला हवं, बुकिंगचा चेक देण्याआधी.

ज्यांचं घर झालेलं आहे, त्यांनी सुतार मापं घ्यायला येईल तेव्हा घरातली परात आणि सगळ्यात मोठं पातेलं त्याच्यासमोर ठेवावं. ती दोन्ही ज्या कप्प्यात बसत नाहीत, त्या कप्प्याचे पैसे देऊ नयेत.