पूर आमचा, वकील कुणाचा?

मीटिंगमध्ये मिनिट्स लिहिणारा ज्याचा माणूस असतो, शेवटी त्याचंच खरं होतं. आपल्या फील्डमधल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको. हवामानाच्या वाटाघाटींतही हेच चालतं. मोठ्या देशांकडे वकिलांची फौज, आणि तुवालूसारख्या देशाचे मोजके लोक एकाच वेळी चाललेल्या चार बैठकांच्या मागे पळतायत. म्हणून १९९० मध्ये छोट्या बेटांनी आघाडी केली, लंडनच्या वकिलांची मदत घेतली. वानुआतूचं तर अजून भारी. २०१९ मध्ये पॅसिफिकमधल्या कायद्याच्या पोरांनी कल्पना काढली, त्या देशाने ती उचलून धरली आणि जुलै २०२५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सांगितलं की हवामानाची हानी रोखणं ही देशांची कायदेशीर जबाबदारी आहे. (हे मत बंधनकारक नाही, मान्य. पण कागदावर आलं ना!)

आता आपल्या पंचगंगेवर या. २००५, २०१९, २०२१. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर. चौकात कुणालाही विचारा, उत्तर एकच.. अलमट्टी! सरकारच्याच वडनेरे समितीने २०२० मध्ये मात्र अलमट्टीला दोषी धरलं नाही. कोण बरोबर ते जलतज्ज्ञ बघतील. माझा प्रश्न वेगळा आहे. हे भांडण जिथे चालतं तिथे शिरोळच्या माणसाला खुर्ची आहे का?

नाही. १९५६ च्या आंतरराज्य जलविवाद कायद्यात पक्षकार फक्त राज्य सरकारं. एकदा वाद लवादाकडे गेला की कोर्टाचंही दार बंद. ब्रिजेश कुमार लवादाने डिसेंबर २०१० मध्ये अलमट्टीची पातळी ५१९.६ वरून ५२४.२५६ मीटरपर्यंत न्यायला परवानगी दिली (२०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवाड्याच्या प्रसिद्धीला स्थगिती दिली, ती गोष्ट वेगळी). तिथे राज्याच्या वकिलाने टीएमसीचा वाटाही मागायचा आणि बुडालेल्या उसाचं गाऱ्हाणंही मांडायचं. दोन्हींत कशाला जास्त वेळ मिळत असेल, तुम्हीच सांगा.

ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. कित्येक दशकांच्या आंदोलनानंतर, सहा जिल्ह्यांसाठी. बहुतेकांना त्यात मुंबईची खेप वाचली एवढंच दिसतं. मला त्यात जास्त दिसतं. दोन राज्यांचं भांडण हे बेंच सोडवणार नाही, पण पूररेषेतली बांधकामं, रखडलेली भरपाई, आपल्याच धरणांतून पाणी कधी सोडलं याचा हिशेब, हे तर इथे मागता येईल ना?

त्यासाठी पूरग्रस्तांचा स्वतःचा वकील हवा, बारा महिने. पूर आला की आपण पुण्या-मुंबईहून बिस्किटं, चादरी पाठवतो. चांगलंच आहे. पण दोन ट्रक कमी पाठवून एका तरुण वकिलाचा वर्षाचा पगार का देऊ नये? शहाजी लॉ कॉलेज शहरातच आहे. आणि आपण कोडवाल्यांनी निदान एक काम करावं: बंधाऱ्यावरची पातळी आणि धरणांचा विसर्ग, तारीख-वेळेसकट, एका जागी साठवत जावं. मूळ सरकारी नोंदीच्या प्रतीसह, म्हणजे समोरचा वकील पहिल्याच तारखेला तो उडवून लावणार नाही. स्क्रिप्ट दोन वीकेंडचं काम आहे, पावसाळ्याआधी होईल.