टंचाईचे बिल रुग्णाच्या माथी

अतिदक्षता विभागात खाट शोधणारे नातेवाईक दर विचारत नाहीत. सरकारी रुग्णालयात ‘व्हेंटिलेटर रिकामा नाही, बाहेर बघा’ असे उत्तर मिळाले की, हाताने दाबायच्या अंबू बॅगने श्वास देत रुग्णाला रुग्णवाहिकेत घालायचे आणि जिथे जागा असेल तिथे डिपॉझिट भरायचे, एवढेच त्यांच्या हाती उरते. घासाघीस करण्याची ती वेळ नसते. सरकारी अतिदक्षता विभागांची तोकडी क्षमता हे उपचारांच्या खर्चाने कुटुंबे कर्जबाजारी होण्याचे एक मोठे कारण आहे आणि ते दूर करणे सर्वस्वी सरकारच्या हाती आहे.

नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २०२३ च्या सप्टेंबरअखेरीस २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यात १२ नवजात बालके होती. खासगी रुग्णालयांतून शेवटच्या अवस्थेत पाठवलेले रुग्ण येतात आणि क्षमतेपेक्षा कितीतरी अधिक भार पडतो, असा खुलासा तेव्हा झाला. तो खराही असेल. पण आसपासच्या तालुक्यांत अत्यवस्थ रुग्ण सांभाळणारी व्यवस्थाच नसेल, तर तो भार दुसरीकडे जाणार कुठे? वेळेत न पोहोचलेला रुग्ण अतिदक्षता विभागात अधिक दिवस राहतो, तेवढे दिवस खाट अडते आणि पुढच्या रुग्णाला पुन्हा ‘बाहेर बघा’ ऐकावे लागते.

यंत्रे आणली म्हणजे क्षमता वाढली, हा समज करोनाकाळाने खोटा ठरवला. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात ‘पीएम केअर्स’ निधीतून आलेल्या व्हेंटिलेटरांच्या बिघाडाची दखल २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या खंडपीठाला घ्यावी लागली. यंत्र धड असले तरी व्हेंटिलेटरवरील रुग्णामागे तिन्ही पाळ्यांत स्वतंत्र परिचारिका लागते. रात्री तीन वाजता रक्तदाब कोसळला, तर निर्णय घेणारा प्रशिक्षित डॉक्टर तिथे हजर लागतो. पदे रिक्त ठेवून खाटांचे आकडे फुगवणे ही रुग्णांची फसवणूक आहे.

याच मनुष्यबळामुळे खासगी अतिदक्षता विभाग चालवणे खर्चिक असते, हे मान्य. पण खाटेचे भाडे, मॉनिटर, सिरिंज पंप, नर्सिंग, डॉक्टरांची व्हिजिट आणि औषधे असे सुटे आकार जोडत गेलेले बिल रोज किती वाढणार, हे दाखल होताना कोणी नीट सांगत नाही. दर बांधता येत नाहीत, ही सबब चालणार नाही. मे २०२० मध्ये याच राज्याने करोना रुग्णांसाठी अतिदक्षता खाटेचा दिवसाचा दर साडेसात हजार आणि व्हेंटिलेटरसह नऊ हजार रुपये असा ठरवून दिला होता. राज्याच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे विमाकवच पाच लाखांपर्यंत वाढले, ते स्वागतार्हच आहे. मात्र योजनेतल्या रुग्णालयात खाट मिळाली नाही, तर त्या कवचाचा उपयोग शून्य. देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी सुमारे ३९ टक्के रक्कम २०२१-२२ मध्येही लोकांनी स्वतःच्या खिशातून भरली होती.

उपाय ठाऊक आहेत. पाच लाखांहून अधिक लोकसंख्येच्या जिल्ह्यांत अतिदक्षता उपचारांच्या स्वतंत्र इमारती उभारण्याची केंद्राची योजना २०२१ पासून आहे. तिथली पदे बांधकामाबरोबरच मंजूर करून भरली पाहिजेत. व्हेंटिलेटर सुटला, पण वॉर्डात हलवण्याइतका रुग्ण बरा नाही, अशांसाठी मधल्या टप्प्याच्या खाटा वाढवल्या तर अतिदक्षता खाटा लवकर मोकळ्या होतील. प्रत्येक जिल्ह्यात रिकाम्या खाटांची ताजी माहिती १०८ रुग्णवाहिकेच्या नियंत्रण कक्षाला मिळाली, तर रुग्णाला दारोदार फिरवावे लागणार नाही. दरपत्रक लावण्याचा शुश्रूषागृहांसाठीचा २०२१ चा नियम कागदावरून भिंतीवर आला पाहिजे आणि अतिदक्षतेचा दैनंदिन दर सर्व आकारांसह एकत्रित असला पाहिजे.

यासाठी पैसा लागेल. तो सरकारने अर्थसंकल्पातून खर्च केला नाही, तर जमीन गहाण टाकून, दागिने मोडून रुग्णाचे कुटुंब तो भरणारच आहे. आज तेच घडते आहे. येत्या अर्थसंकल्पात नव्या इमारतींच्या घोषणांआधी अतिदक्षता विभागांतील रिक्त पदे भरण्याची तारीख सरकारने जाहीर करावी.