विश्लेषण : पंथाबाहेर काढलेल्याने आईच्या मातीलाही जायचे नाही?

धर्मसंस्थेने एखाद्याला बाहेर काढले, तर त्याच्या नात्यागोत्याने, शेजाऱ्यापाजाऱ्याने त्याच्याशी बोलणेही सोडायचे का? दाऊदी बोहरा समाजातील 'बरात' म्हणजे बहिष्कृत करण्याच्या प्रथेवरून हा प्रश्न गेली सात दशके न्यायालयात फिरतो आहे. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच सदस्यीय घटनापीठाने तो नऊ सदस्यीय पीठाकडे सोपवला. वाद एका छोट्या समाजाचा वाटतो; पण ज्या महाराष्ट्रात 'वाळीत टाकणे' हा शब्द घरोघरी कळतो, तिथे तो परक्याचा नाही.

'बरात' म्हणजे नेमके काय?

दाऊदी बोहरा हा शिया मुस्लिमांतील इस्माइली पंथ. त्याचे सर्वोच्च धर्मगुरू 'दाई-अल-मुतलक', म्हणजे सैयदना. त्यांचे मुख्य पीठ मुंबईत आहे. वयात येताना प्रत्येक बोहरा मुलगा-मुलगी 'मिसाक' म्हणजे निष्ठेची शपथ घेते. ही शपथ मोडल्याचा ठपका आला तर बरात जाहीर होऊ शकते. मग मशीद बंद, जमातखाना बंद, समाजाचे कब्रस्तान बंद. लग्नासाठी धर्मगुरूंची परवानगी लागते, तीही मिळत नाही.

हे झाले कागदावरचे परिणाम. खरा मार बसतो तो पुढे. बहिष्कृताशी संबंध ठेवणाऱ्यावरही तीच पाळी येण्याची धास्ती असते. त्यामुळे भाऊ दुकानात येत नाही, बहीण फोन उचलत नाही, जुना गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानाची पायरी चढतो. मुलीचे ठरत आलेले लग्न फिसकटते. आई गेली तरी तिच्या मातीला जाता येईल की नाही, याची खात्री उरत नाही. शिक्षा एकाला होते. गप्प मात्र शंभर जण बसतात.

सुधारकांची लढाई कधी सुरू झाली?

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला राजस्थानातील उदयपूरमध्ये बोहरा तरुणांनी धर्मगुरूंच्या ऐहिक कारभारावरील नियंत्रणाला आव्हान दिले. आमची श्रद्धा कायम आहे. पण समाजाच्या पैशाचा हिशोब मिळावा, निवडणूक, संस्था, व्यवसाय यांत परवानगीची सक्ती नको, एवढेच त्यांचे म्हणणे होते. शहर दोन तटांत विभागले गेले. घरेही विभागली गेली. या चळवळीचा आवाज देशभर नेला तो असगर अली इंजिनीअर यांनी. ते मुंबई महापालिकेत अभियंता होते आणि स्वतः बोहरा धर्मपंडिताचे पुत्र होते. त्यांच्यावर बहिष्कार आला, हल्लेही झाले. २०१३ मध्ये त्यांचे निधन झाले, तोवर ते याच विषयावर लिहीत-बोलत राहिले. निवृत्त न्यायमूर्ती नरेंद्र नाथवानी यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने सुधारकांच्या छळाच्या तक्रारींची चौकशी करून १९७९ मध्ये अहवाल दिला. हा आयोग सरकारी नव्हता, नागरिकांच्या पुढाकारातून नेमलेला होता.

कायदा होता, मग तो गेला कुठे?

मुंबई राज्याने १९४९ मध्येच बहिष्कृत करण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला होता. समाजातून काढून टाकण्याचा कोणताही निर्णय त्याने अवैध ठरवला आणि तसे करणाऱ्याला एक हजार रुपयांपर्यंत दंड ठेवला. तत्कालीन ५१ वे दाई सैयदना ताहेर सैफुद्दीन यांनी त्याला आव्हान दिले. ९ जानेवारी १९६२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. धार्मिक कारणावरून बहिष्कृत करणे हा पंथाची शिस्त राखण्याचा भाग आहे, म्हणून तो अनुच्छेद २६ (ब) नुसार पंथाचा अंतर्गत धार्मिक कारभार ठरतो, असे बहुमताने म्हटले. त्यातून एखाद्याचे नागरी हक्क बाधित झाले तरी त्याने फरक पडत नाही, हेही त्यात आले.

एकटे पडले ते सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा. बहिष्कृत माणूस स्वतःच्याच समाजात अस्पृश्य होतो. तेव्हा असा कायदा अस्पृश्यता नष्ट करणाऱ्या अनुच्छेद १७ च्या भावनेशी सुसंगतच आहे, असा त्यांच्या मताचा आशय होता. साठ वर्षांनंतर आज ते अल्पमतच अधिक पटते.

२०२३ मध्ये काय झाले?

सुधारकांच्या मध्यवर्ती मंडळाने १९८६ मध्ये १९६२ च्या निकालाचा फेरविचार मागितला. ती याचिका तब्बल ३७ वर्षे रेंगाळली. दरम्यान महाराष्ट्राचा नवा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा आला आणि त्याने १९४९ चा कायदा रद्द केला. मग आता वाद उरलाच कुठे, असा युक्तिवाद सैयदनांच्या बाजूने झाला. १० फेब्रुवारी २०२३ रोजी न्यायमूर्ती संजय किशन कौल यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने तो मान्य केला नाही. पंथाचा अधिकार आणि व्यक्तीचा अनुच्छेद २१ खालील प्रतिष्ठेने जगण्याचा हक्क यांचा तोल १९६२ मध्ये पाहिलाच गेला नव्हता, असे प्रथमदर्शनी मत पीठाने नोंदवले. घटनात्मक नैतिकतेच्या कसोटीवरही प्रथा तपासायला हवी, असे सांगून शबरीमला फेरविचारासोबत हा विषय नऊ सदस्यीय पीठाकडे पाठवला.

महाराष्ट्राचा कायदा काय सांगतो?

हा कायदा २०१६ मध्ये विधिमंडळाने मंजूर केला आणि राष्ट्रपतींच्या मंजुरीनंतर २०१७ मध्ये लागू झाला. असा कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य. त्यामागे जातपंचायतींच्या अत्याचारांविरुद्ध डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीने उभारलेली मोहीम होती, तशीच रायगड जिल्ह्यात गावकीने कुटुंबे वाळीत टाकल्याची एकामागून एक पुढे आलेली प्रकरणेही होती. बहिष्कार घालणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. चिथावणी देणाऱ्यालाही शिक्षा. आरोपपत्रानंतर सहा महिन्यांत खटला संपवावा, अशी अपेक्षा. कायद्यातील 'समाज' या शब्दात जात-पोटजातीबरोबर धर्म आणि पंथही येतात.

मग अडते कुठे? साक्षीदार मिळण्यात. बहिष्काराचा ठराव सहसा कुणी लेखी करत नाही. किराणावाला 'माल संपलाय' म्हणतो, भटजी 'वेळ नाही' म्हणतात, व्हॉट्सॲप ग्रुपमधून नंबर गुपचूप निघतो. तक्रार करणाऱ्याला पुन्हा त्याच गावात, त्याच गल्लीत राहायचे असते. गुन्हा न्यायालयाच्या परवानगीने आपसात मिटवता येतो, आणि 'मिटवून टाक' हा सल्ला देणारे पुष्कळ असतात.

हे फक्त आपल्याकडेच आहे का?

नाही. यहोवाज विटनेसेस या ख्रिस्ती पंथात बाहेर पडलेल्या किंवा काढलेल्या सदस्यांशी संबंध तोडण्याची रीत आहे. नॉर्वे सरकारने या पंथावर बंदी घातली नाही. २०२२ मध्ये त्याचे सरकारी अनुदान थांबवले आणि नोंदणी काढून घेतली. ही रीत बाहेर पडण्याच्या स्वातंत्र्याआड येते आणि मुलांनाही तिची झळ बसते, असे कारण दिले. २०२४ मध्ये ओस्लोच्या जिल्हा न्यायालयाने सरकारला उचलून धरले, तर २०२५ मध्ये अपील न्यायालयाने पंथाची बाजू मान्य केली. प्रगत म्हणवणाऱ्या देशातही ही रेषा आखणे सोपे नाही, हे यातून दिसते.

आपला इतिहासही फार वेगळा नाही. संन्याशाची पोरे म्हणून ज्ञानेश्वरादी भावंडांना आळंदीने नाकारल्याची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. पुण्यात १८९० मध्ये पंचहौद मिशनमधील चहावरून ग्रामण्य झाले. त्यात टिळक आणि रानडेही सापडले. १८९३ मध्ये विधवेशी विवाह केला म्हणून धोंडो केशव कर्वे यांच्यावर मुरूडकरांनी बहिष्कार टाकला. पुढे त्याच कर्व्यांना देशाने 'भारतरत्न' दिले.

मग रेषा कुठे आखायची?

धर्मसंस्थेची बाजूही ऐकायला हवी. आपला सदस्य कोण, हे ठरवता आले नाही तर पंथ टिकणार कसा, हा त्यांचा प्रश्न निराधार नाही. कुणाशी मैत्री ठेवायची हेही ज्याचे त्याने ठरवावे. त्यात पोलीस नकोत. पण सदस्यत्व काढणे वेगळे आणि त्या माणसाशी कुणीही बोलू नये असे फर्मान काढणे वेगळे. पहिला निर्णय संस्थेचा आहे. दुसऱ्यात आई-मुलगा, नवरा-बायको, दुकानदार-गिऱ्हाईक यांच्यामध्ये संस्था येऊन उभी राहते. तो अधिकार तिला कुठल्याही घटनेने दिलेला नाही. कब्रस्तान आणि स्मशान तर हिशोब चुकते करण्याची जागा नव्हेच. पिढ्यान्पिढ्या सगळ्यांच्या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या जागेत, ज्याच्या बापाने पैसे भरले त्याच्या मुलालाच दोन हात माती नाकारणे ही शिस्त नसून सूड आहे.

पंथात राहण्याला अर्थ येतो तो बाहेर पडण्याची वाट मोकळी असल्यामुळे. भीतीने थांबलेल्यांची गर्दी मोजून श्रद्धेची ताकद कळत नाही. नऊ न्यायमूर्तींनी हे स्पष्ट केले तर १९६२ ची चूक दुरुस्त होईल. तोवर कायद्याहून लवकर होऊ शकेल असे एक काम आपल्या हाती आहे. गावकीने, पंचायतीने, पंथाने ज्याच्याशी बोलू नका म्हटले, त्याच्या घरच्या लग्नाला आणि मातीला जायचे. बहिष्कार टिकतो तो हुकूम देणाऱ्यांपेक्षा पाळणाऱ्यांमुळे, आणि पाळणाऱ्यांत बहुधा आपणच असतो.