‘घरची बाब’ म्हणून दार लावून घेणाऱ्या फुलचूरवासीयांस

नवऱ्याने बायकोवर हात उगारल्याचा आवाज भिंतीपलीकडे गेला, की ‘नवराबायकोचे भांडण, आपण कशाला मध्ये पडा’ असे म्हणून शेजारी दार लावून घेतो. या तटस्थपणाला सभ्यपणा समजण्याची रीत आहे; वस्तुतः मारणाऱ्याला सर्वांत मोठा आधार याच लावलेल्या दाराचा असतो.

हा आधार काढून घेण्याचे काम महाराष्ट्रात नवे नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून पुरुषांच्या दुटप्पीपणाचा हिशेब चव्हाट्यावर मांडला. प्रती छापल्या अवघ्या ५००, पण बोलणी इतकी बसली की जोतीराव फुले यांना त्यांची बाजू घेऊन लिहावे लागले. शंभर वर्षांनी, १९८२ मध्ये, पुण्यात मंजुश्री सारडा या विवाहितेचा मृत्यू झाला, तेव्हा विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या ‘नारी समता मंचा’ने ‘मी एक मंजुश्री’ हे भित्तिपत्रकांचे प्रदर्शन गावोगावी नेले. मंजुश्रीच्या पतीला सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये निर्दोष ठरवले, हे खरे. तरी सासरच्या छळाविषयी उघडपणे बोलता येते हे त्या प्रदर्शनाने दाखवले, आणि बोलू पाहणाऱ्या बायकांसाठी मंचाने ‘बोलते व्हा’ केंद्र चालवले.

रशियातील अलेक्सांद्रा मित्रोशिना या तरुण ब्लॉगलेखिकेने २०१९ मध्ये हेच काम समाजमाध्यमांवर केले. तेथील संसदेने २०१७ मध्ये घरातील पहिल्या मारहाणीला, गंभीर इजा झाली नसल्यास, फौजदारी गुन्ह्यातून वगळून दंडावर भागणारी कसूर ठरवले होते. ‘मला मरायचे नव्हते’ या नावाने तिने चालवलेल्या मोहिमेला मोठा प्रतिसाद मिळाला, पण घरगुती हिंसेविरुद्धचा स्वतंत्र कायदा त्या देशात अद्याप झालेला नाही.

फुलचूरच्या स्त्रीला असा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून मिळालेला आहे. घरगुती हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण अधिनियम, २००५ यात मारहाणीबरोबरच शिवीगाळ, उपासमार, कमाई हिसकावून घेणे आणि घराबाहेर काढणे हीसुद्धा हिंसाच मानली आहे. ‘संरक्षण अधिकारी’, म्हणजे तक्रारीचा अहवाल तयार करून न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे ठेवणारा शासनाचा माणूस, तिच्यासाठी नेमलेला असतो; घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असले तरी तिला त्यात राहण्याचा हक्क आहे; संरक्षणाचा आदेश मोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते; आणि शेजाऱ्याने सद्हेतूने खबर दिली तर त्याच्यावर कसलीही जबाबदारी येत नाही. ‘पोलिसांच्या लफड्यात कोण पडेल’ ही सबब या शेवटच्या तरतुदीपुढे टिकत नाही.

अडते ते दुसरीकडे. बाई तक्रार घेऊन निघाली, की चार जाणती माणसे तिला बसवतात, ‘लेकरांकडे पाहून घे’ म्हणतात, मुद्रांकावर ‘यापुढे असे होणार नाही’ असे लिहून तिचा अंगठा घेतात आणि त्याच घरात परत धाडतात. २००७ मध्ये सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेचा हेतू चांगला होता. परंतु मार खाणारी आणि मारणारा यांना सारखे पक्षकार मानून केलेला समेट म्हणजे तंटा मिटवणे नव्हे, तो दाबणे होय. जखमी बाईची चित्रफीत गटागटांत फिरवून हळहळणे हाही तिला मदत करण्याचा मार्ग नाही. तिच्या संमतीवाचून तिचा चेहरा दाखवणे हा तिच्यावरचा दुसरा आघात आहे. मित्रोशिनाच्या मोहिमेत बायका स्वेच्छेने बोलल्या, हा फरक फोन हातात घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावा.

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा भरवणे कायद्याने बंधनकारक आहे. फुलचूरच्या स्त्रियांनी येत्या सभेत दोन ठराव मांडावेत: मारहाणीच्या प्रकरणात गावपातळीवर समेटाचे कागद केले जाणार नाहीत, आणि संरक्षण अधिकाऱ्यांचा दूरध्वनी क्रमांक ग्रामपंचायत, अंगणवाडी व रेशन दुकानाच्या भिंतीवर रंगवला जाईल. पुरुषांनी नंतरच्या ग्रामसभेत त्या ठरावांच्या बाजूने हात वर करावा. तोवर महिला मदतवाहिनी १८१ आणि तातडीच्या प्रसंगी ११२ हे क्रमांक प्रत्येकाने फोनमध्ये जतन करून ठेवावेत, आणि भिंतीपलीकडून आवाज आला की लावावेत.