पिंजऱ्यातली जिगर

आमच्या कोर्सच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अधूनमधून एक व्हिडिओ येतो. दक्षिण आफ्रिकेचा समुद्र, बोटीला बांधलेला लोखंडी पिंजरा, आत वेटसूट घातलेला कुणाचा तरी मेहुणा आणि समोरून जाणारा भलामोठा शार्क. खाली मजकूर ठरलेला: ‘भीतीवर मात!’ त्यावर अंगठे, ‘जिगर लागते भावा’, आणि सलाम. तीस-तीस वर्षे वर्दीत काढलेली मंडळीही सलाम ठोकतात. माझी तक्रार त्या सलामाबद्दल आहे.

आधी हा प्रकार काय ते पाहू. केप टाउनहून गाडीने दोन-अडीच तासांवर गान्सबाय आहे. शेजारच्या क्लाइनबायच्या धक्क्यावरून बोटी डायर बेटाकडे निघतात. जवळच्या गायझर रॉकवर हजारो सील राहतात, म्हणून त्या पाण्यात शार्क. बोटीवरून माशांचे रक्त, तेल आणि तुकडे समुद्रात सोडतात. दोरीला माशाचे मुंडके बांधून शार्कला पिंजऱ्यासमोरून फिरवतात. पर्यटकाला पाणबुड्याचे कसलेही प्रशिक्षण लागत नाही. पिंजऱ्याचा वरचा भाग पाण्याबाहेरच असतो. बोटीवरचा माणूस ओरडला की श्वास रोखून डोके खाली घालायचे, पाहायचे, वर यायचे.

गंमत म्हणजे ज्याच्या नावावर हे सगळे चालते, तो ग्रेट व्हाइटच तिथून बराचसा निघून गेला आहे. 2017 पासून पोर्ट आणि स्टारबोर्ड या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या दोन ऑर्कांनी तिथे ग्रेट व्हाइट मारून त्यांची यकृते खाल्ली. आता पिंजऱ्यासमोर बहुतेक वेळा ब्राँझ व्हेलर जातीचा शार्क येतो. ‘भीतीवर मात’ मात्र तशीच आहे.

फौजेत भीती घालवायला कुणी शिकवत नाही. ती असतेच. ती पोटात घेऊन हातातले काम बिघडू द्यायचे नाही, एवढे शिकवतात. पिंजऱ्यातल्या माणसाच्या हातात काम कोणते? त्याच्यावर कुणाचा जीव अवलंबून आहे? तो शिडीवरूनच परत फिरला, तर तिकिटाच्या पैशांपलीकडे कुणाचे काय जाणार?

डिसेंबर 2018 मध्ये मेघालयात क्सान इथल्या कोळशाच्या खाणीत पाणी घुसले आणि 15 मजूर आत अडकले. नौदलाचे पाणबुडे त्या पाण्यात उतरले. काळे, थंड पाणी, पुढचे काही दिसत नाही, आणि मजूर जिवंत असण्याची आशा रोज कमी होत चाललेली. मजूर वाचले नाहीत. त्या पाणबुड्यांपैकी एकाचे तरी नाव आपल्याला आठवते का? मलाही आठवत नाही. सलाम त्यांचा होता.

डायर बेटाच्या त्याच पाण्यात आणखी काही माणसे बुडी मारतात, पिंजऱ्याशिवाय. ही गरीब वस्त्यांतली पोरे अबलोन शिंपल्यांची चोरटी तोड करतात. आशियाच्या बाजारात त्या शिंपल्याला मोठा भाव आहे. ही चोरी आहे, तिचे कौतुक मी करणार नाही. पण शार्कचा खरा धोका कुणाच्या वाट्याला येतो, हे त्यावरून कळते. पर्यटक त्या धोक्याचे चित्र विकत घेतो. धोका दुसऱ्याच्या अंगावर असतो.

कधी कधी तो शार्कच्याही अंगावर असतो. मेक्सिकोच्या ग्वादालुपे बेटाजवळ 2016 मध्ये एक शार्क आमिषामागे धावताना पिंजऱ्यात घुसला. आतला माणूस सुखरूप बाहेर आला. 2019 मध्ये दुसऱ्या एकाचे डोके गजांत अडकले. तो रक्तबंबाळ होऊन सुटला आणि खोल पाण्यात दिसेनासा झाला. जानेवारी 2023 मध्ये मेक्सिकोने तिथले शार्क पर्यटन बंद केले.

समर्थकांचा एक मुद्दा मला मान्य आहे. पूर्वी जबड्याच्या हौसेपायी हे शार्क मारले जात. दक्षिण आफ्रिकेने 1991 मध्ये ग्रेट व्हाइटला संरक्षण दिले, तसे करणारा तो पहिला देश. पुढे या बोटींमुळे जिवंत शार्कला किंमत आली आणि संशोधकांना पाण्यावर जायची सोय झाली. गावाला रोजगार मिळाला. ठीक. मग ते प्राणी पाहणे म्हणून विका. ताडोब्यात जिप्सीत बसून वाघ पाहून आलेला माणूस ‘वाघाला भिडलो’ असे सांगत सुटला, तर आपण हसतो. आणि एके काळी आपल्याकडेही रेडकू बांधून पाहुण्यांना वाघ दाखवत. ते आपण बंद केले. जिप्सी आहेत, गाइड आहेत, रोजगारही आहे. आमिषाशिवाय पर्यटन चालते, हे आपल्याच जंगलांनी दाखवले आहे.

तुम्ही म्हणाल, साहेब, एका व्हिडिओवर एवढे कशाला? कारण शब्द झिजतात. पिंजऱ्यात बुडी मारणारा शूर ठरला, तर क्सानला उतरलेल्यांसाठी कोणता शब्द उरला? उद्या एखादा विशीतला पोरगा अकादमीत दाखल होईल, तेव्हा तो हीच व्याख्या डोक्यात घेऊन येईल: भीती वाटली, फोटो काढला, झाले. ती व्याख्या त्याच्या डोक्यातून काढण्याचे काम उस्तादांच्या माथी येणार, आणि त्यांना दुसरी कामे आहेत.

तेव्हा मंडळी, परवडत असेल तर जरूर जा. समुद्रावर जिथे आमिष टाकत नाहीत तिथे जा, लांबून पाहा, फोटो टाका. मी अंगठा देईन. सलाम मात्र मागू नका.